फिमायला दोघी

११ ऑगस्ट, रविवार. अकोला

रश्मी हो म्हणाली. मला वाटलं होतं हसेल, नाहीतर "पाहू पुढं" म्हणून विषय बदलेल. दुपारी जेवण झाल्यावर मी नकाशा पसरला आणि तिला बोटानं दाखवलं. हे बँकॉक, इथवर विमान. इथून रेल्वेनं अयुथया, तिथं स्टेशनसमोरच सायकली भाड्यानं मिळतात, सगळी पडकी जुनी देवळं सायकलवर पाहायची. मग पुन्हा रेल्वे, मग बस, आणि हे फिमाय. हजार वर्षांचं दगडी देऊळ, गर्दी नाही. टूर कंपनी नाही. झेंडा धरलेल्या पोराच्या मागं पळायचं नाही. आपण दोघीच.

तिनं बराच वेळ नकाशा पाहिला आणि म्हणाली, "जाऊ ना वहिनी. कावून नाही जायचं?"

जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. काठीनं पोरांना सगळी पृथ्वी दाखवली आणि स्वतः गेले कुठं? नागपूर, पुणे, एकदा तिरुपती. हे होते तेव्हा म्हणायचे, रिटायर झालो की जाऊ. ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले. रश्मी त्यांची धाकटी बहीण. पण ती नणंद कमी आणि मैत्रीण जास्त. अमरावतीला असते, कुंदनरावांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, मुली लग्न होऊन गेल्या.

पियुषला पुण्याला फोन केला. मागच्या आठवड्यात हा बेत नुसता ऐकूनच तो वैतागला होता. भांडण होणार म्हणून तयारीनंच बसले होते. तर तो म्हणाला, "आत्या सोबत आहे ना? मग ठीक आहे. आधी इथल्या इथं फिरून बघा, जमतं का ते." शहाणा झाला पोरगा.

२२ सप्टेंबर, रविवार

सरावाची पहिली सहल. ती अमरावतीहून बसनं, मी अकोल्याहून बसनं, दर्यापूरच्या स्टँडवर भेट. स्टँडजवळ वाहेदभाईंचं सायकलचं दुकान आहे. रश्मीनं त्यांना फोन करून दोन लेडीज सायकली सांगून ठेवल्या होत्या. तिथून लासूर.

दोन्ही बाजूंनी कपाशी, रस्ता बरा, फक्त एका पुलावर चिखल. मी सायकल पन्नाशीनंतर शिकले म्हणून जपून चालवते. रश्मी लहानपणी शिकलेली. लग्नानंतर हात लावला नव्हता म्हणे, पण पाच मिनिटांत अशी सुटली की मला ओरडून थांबवावं लागलं.

लासूरचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. गोल मंडप, भोवती खांब, आणि मधोमध छतच नाही. वर सरळ आभाळ. रश्मी त्या गोलाखाली फरशीवर चक्क आडवी झाली. पुजारी बघत होता, मला लाज वाटली. ती म्हणाली, "वहिनी, इथंच रायते म्हटलं तं चालन काय?" मी म्हटलं, चालेल, पण कुंदनरावांना स्वयंपाक कोण करेल? ती उठून बसली. पदरानं तोंड पुसलं आणि फोन करायला बाहेर गेली. ती सारखी फोन करते. तिच्या घरची शिस्त कडक आहे.

सायकली परत द्यायला गेलो तर वाहेदभाई म्हणाले, "बाई, तुमच्या पोराचा दोनदा फोन आला. आई पोचली काय, बरी हाय काय, इचारत होता." मला भरूनच आलं. त्याला दुकानाचा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. नेटवर काय, सगळंच सापडतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज रेल्वेचा सराव. रश्मी कालच दसऱ्याचं सोनं द्यायला म्हणून आली होती. सकाळच्या गाडीनं बार्शीटाकळी. देवीचं जुनं देऊळ पाहिलं. भिंतींना इतके कोन आहेत की फिरताना सावली सारखी तुटते. मला वहीत आकृती काढायची होती. उन्हात उभी राहून काढत होते आणि एकदम डोळ्यांपुढं अंधारी आली. पायरीवर बसले. रश्मीनं पाणी दिलं, पदरानं वारा घातला. तिला बजावलं, कोणालाही बोलू नको. विशेषतः पियुषला.

संध्याकाळी पियुषचा फोन. पहिलाच प्रश्न, "आई, बीपीची गोळी घेतली का आज?" पोटचं पोर ते. त्याला तिकडं बसून समजतं.

२४ नोव्हेंबर

माझं विमानाचं तिकीट झालं. फेब्रुवारीची चार तारीख. आदल्या संध्याकाळी अमरावतीहून मुंबईची गाडी, रश्मी तिथूनच बसणार, मी अकोल्याला त्याच डब्यात चढणार. दोन्ही बर्थ मी एकदमच काढले, समोरासमोर. विमानाचंही दोघींचं काढणार होते, पण तिचा पासपोर्ट अजून आला नाही. आधी फोटो चालला नाही, आता पोलिसांची चौकशी राहिली म्हणते. माझा इतक्या लवकर आला! अमरावतीला जास्त वेळ लागत असेल. तिचं तिकीट कुंदनराव ओळखीतून काढतील.

मी म्हटलं, मी येऊन पासपोर्टच्या साहेबांशी बोलते. तर घाईनं म्हणाली, नको नको, तू नको येऊ.

८ डिसेंबर, रविवार

रश्मी काल राहायला आली होती. बूट घेतलेत तिनं, पांढरे, जाड तळव्याचे. घरातल्या घरात घालून फिरत होती. मोबाइलवर ऐकून थाई भाषेतलं "धन्यवाद" शिकली. मी चहा दिला की हात जोडून म्हणायची, "खोपखुन खा." आम्ही हसून हसून दमलो. मग विचारायला लागली, तिथं बाई एकटीच हॉटेलात बसून चहा पिऊ शकते का, कोणी पाहत नाही का. मी म्हटलं, पाहिलं तर पाहिलं.

निघताना मात्र तिचं काहीतरी बिनसलं. चपला घालता घालता थांबली. "वहिनी, समज मी नाही आली, तं तू एकटी जाशील?"

"तुझ्याशिवाय? स्टेशनवरूनच परत येईन," मी म्हटलं. खरंच तसं वाटलं म्हणून म्हटलं. तिचे डोळे भरले. किती जीव आहे हिचा माझ्यावर. असं माणूस मिळायला नशीब लागतं.

१४ जानेवारी, संक्रांत

अक्षर नीट येत नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही.

न सांगता अमरावतीला गेले. तीळगूळ द्यायचा, आणि दोघींच्या पिशव्यांत काय काय घ्यायचं ते ठरवायचं. दार कुंदनरावांनी उघडलं. रश्मी आत पोळ्या लाटत होती. मी बोलता बोलता म्हटलं, रश्मीच्या तिकिटाचं झालं का, दिवस थोडे राहिले. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"वहिनी, तुमी खरंच जाऊन राहिल्या काय?"

मी म्हटलं, म्हणजे काय? तीन तारखेची गाडी आहे.

"नाही, पियुष म्हणे, बाबा गेल्यापासून आई असं काहीबाही मनात घेते. आत्यानं हो म्हणावं, इथं जवळपास चार ठिकाणी फिरवून आणावं, हौस फिटली की आपोआप थांबते. कुठी गेल्या, तब्येत कशी हाय, तेवढं त्याले कळवत जावं. म्हणून तं मी हिले जाऊ देत होतो."

"आणि पासपोर्ट?"

"कोणता पासपोर्ट? काढलाच कुठी."

आत लाटण्याचा आवाज थांबला. रश्मी दाराशी आली, हाताला पीठ. मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल की हे खोटं आहे. ती म्हणाली, "मी सांगणारच होती वहिनी."

मी विचारलं, कधी? विमानात?

"मले यायचं होतं. खरंच यायचं होतं. पण हो म्हटलं नसतं तं मले लासूरलेही कोणी जाऊ दिलं नसतं."

कुंदनराव म्हणाले, आता रडू नको, पोळी जळून राहिली. आणि ती आत गेली! पोळी उलटायला गेली. मी तीळगुळाचा डबा तिथंच ठेवून निघाले.

बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मला काही दिसलं नाही. आयतं फिरायला मिळत होतं म्हणून पाच महिने माझ्याशी खोटं बोलली. मी बार्शीटाकळीला पायरीवर बसले होते तेव्हा एका हातानं वारा घालत होती, आणि नंतर चुगली केली. लासूरला फोन करायला बाहेर गेली ती पियुषलाच. दुकानाचा नंबर तिनंच दिला. बूटसुद्धा दाखवायला घेतले असतील. मी तिच्यापुढं ह्यांच्याबद्दल काय काय बोलले, कधी कोणाला न सांगितलेलं. तेही सगळं पुण्याला पोचलं असेल.

१६ जानेवारी

पियुषचे फोन. घेतले नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

पियुष आणि प्राजक्ता आले. प्राजक्ता, सुनबाई, यात पडली नाही. तिनं फक्त भांडी घासली. पियुष आधी चिडला, मग माझा हात धरून बसला. म्हणाला, फसवायचं नव्हतं, सरळ नाही म्हटलं असतं तर तू तुटली असतीस. म्हणाला, पुढच्या वर्षी आपण सगळे टूर कंपनीबरोबर जाऊ, जेवण आपलं, गाडी दारात.

मी म्हटलं, तू मला नाही म्हणायला हवं होतंस. मी भांडले असते. भांडणात माणूस निदान समोरच्याला खरा समजून भांडतं. तुम्ही सगळ्यांनी मला खुळखुळा दिला हातात.

त्यानं माझा हात सोडला. बरंच वाटलं मला.

जाताना त्यानं विचारलं, मग तिकीट रद्द करू ना? मी नाही म्हटलं. म्हणजे मला तोपर्यंत स्वतःलाच माहीत नव्हतं. तोंडातून नाही निघालं आणि मग ते खरं झालं.

२७ जानेवारी

रश्मीचे सहा-सात मेसेज. न वाचता पुसले. ह्यांच्या फोटोकडे पाहून म्हटलं, तुमची बहीण. फोटो काय बोलणार.

रोज पहाटे जाग येते. तिथं सायकल पंक्चर झाली तर? रस्ता चुकला तर? आजारी पडले तर कोण? दोघी असताना एकही प्रश्न पडला नव्हता. हा निर्धास्तपणासुद्धा तिनंच नेला माझा.

४ फेब्रुवारी, मंगळवार. मुंबई, विमानतळ

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलं.

गाडी अकोल्याला आली, मी डब्यात चढले, आमच्या बर्थपाशी गेले, तर समोरच्या बर्थवर रश्मी बसलेली. साडी इस्त्रीची, पायात ते पांढरे बूट. क्षणभर वाटलं, आली. मग आठवलं, हिच्याकडे पासपोर्ट कुठला.

मी पिशवी बर्थखाली सरकवली. बोलले नाही. तिनं डबा पुढे केला. धपाटे आणि ठेचा. मी घेतला नाही, तिनं माझ्या बर्थवर ठेवला.

"हे चांदूर बाजारले गेले लग्नाले," ती म्हणाली. "मले माहीत हाय तू बोलणार नाही. मले फक्त इथपर्यंत तुह्या गाडीत बसायचं होतं. माह्या नावाच्या जागेवर."

मी म्हटलं, उतर, गाडी सुटेल.

ती उतरली. खिडकीजवळ उभी राहिली नाही, सरळ जिन्याकडे गेली. तिला आता बस पकडून परत अमरावतीला जायचं, आणि कुंदनराव यायच्या आत घरी पोचायचं. एवढा आटापिटा कशासाठी? मला वितळवायला. मी काही वितळले नाही. फसवणारी माणसं शेवटी असंच काहीतरी करतात, म्हणजे आपणच दगड ठरतो.

धपाटे सकाळी खाल्ले. अन्न टाकवत नाही.

६ फेब्रुवारी. अयुथया

पोचले! लिहिताना हसू येतंय. बँकॉकच्या स्टेशनात खिडकीवर जाऊन बोटानं नकाशा दाखवला आणि तिकीट हातात आलं. तिसरा वर्ग, उघड्या खिडक्या, टोपली घेऊन भाजलेलं काही विकणाऱ्या बाया. आपल्याच पॅसेंजरमध्ये बसल्यासारखं वाटलं. स्टेशनसमोर सायकल घेतली. होडीवाल्यानं सायकलसकट नदीपार नेलं.

विटांची पडकी देवळं, उंच, काळवंडलेली. बुद्धाच्या मूर्तींच्या रांगा, बहुतेकांना डोकी नाहीत. कोणी लढाईत तोडली म्हणे. तरी मांडी तशीच, हात तसाच. मी एका मूर्तीपुढं फार वेळ बसले. रडले थोडी. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय.

मग पडले. वळणावर गाडी आली, मी घाबरून ब्रेक दाबला आणि सायकलसकट आडवी. गुडघा सोलवटला, तळहाताला खडी. एका चहावालीनं जखम धुऊन दिली. बसवलं. एकटी बसून बर्फाचा गोड चहा प्यायले.

तेवढ्यात पियुषचा फोन. आवाज इतका कातर होता त्याचा. एकटी आहेस ना, आई, एकटीच आहेस ना? खरं सांगितलं असतं तर तो पुढच्या विमानानं आला असता. मी म्हटलं, एकटी कुठं, गाडीत एक आपल्याकडच्या बाई भेटल्या. बुलढाण्याच्या, रिटायर नर्स. पंचफुलाबाई. त्याही एकट्याच आल्यात, आता दोघी मिळून फिरतो. नाव कुठून सुचलं देव जाणे. म्हणाला, दे त्यांना फोन. मी म्हटलं, आंघोळीला गेल्या.

हे काही खोटं नव्हे. त्याला झोप लागावी म्हणून सांगितलं. गुडघ्याचं बोलले नाही.

झोपताना रश्मीचाच विचार. एखाद्याच्या तोंडावर, रोजच्या रोज, इतकं सहज खोटं बोलायला कसं जमत असेल माणसाला?

९ फेब्रुवारी, रविवार. फिमाय

रेल्वे, मग बस, आणि बसमधून उतरलं की देऊळ गावातच. राहायच्या जागेच्या मालकिणीनं जुनी सायकल दिली, पुढं टोपली. गुडघा दुखतो पण पॅडल मारता येतं.

फिकट दगडाचा उंच कळस, चौफेर ओसऱ्या, दारावर कोरलेला रामायणातला प्रसंग. दगडावर पालथा हात फिरवला. उन्हानं गरम. आपल्या लासूरचं देऊळ आणि हे जवळजवळ एकाच काळातलं. तिकडे कोणी छिन्नी चालवत होता तेव्हाच इथेही कोणीतरी. शाळेत हे सांगितलं असतं तर पोरांनी ऐकलं असतं का? मी शेजारी बघून हे मोठ्यानं म्हटलं. शेजारी कोणी नव्हतं. मालकिणीचं कुत्रं तेवढं मागं मागं आलं होतं.

इतकं पाहायचं होतं आणि पाहिलं. आनंद झाला. आणि आनंदाच्या बरोब्बर मध्ये ती जागा मोकळी होती, तिथं जी बसणार होती तिनंच मला फसवलं. एकटं येणं वाईट नाही. दोघींचं म्हणून ठरवून एकटीनं पाहणं वाईट. फोटो काढले. रश्मीला पाठवायला बोट गेलं, मागं घेतलं.

दुपारी ओसरीत बसले असताना पियुषचा फोन. आज आवाज शांत होता. पंचफुलाबाई कशा आहेत म्हणाला. मी म्हटलं, मजेत. त्यांना बीपी आहे का? मी म्हटलं, आहे. मग त्यांना म्हणावं, सकाळची गोळी चुकवू नका आणि भर उन्हात सायकल नको. मी म्हटलं, सांगते.

मग विचारतो, "त्यांना घरून कोणी अडवलं नाही?"

"मुलगा नको म्हणत होता म्हणे."

"मग?"

"मग काय. आल्या."

मग म्हणाला, "आई, त्यांना म्हणावं, त्याचं चुकलं. त्याला सरळ बोलायला जमलं नाही. आणि पडल्या-बिडल्या तर त्याला सांगा म्हणावं. तो ओरडणार नाही."

कुठल्या अनोळखी बाईच्या मुलासाठी इतकं कळवळावं! तसा मऊच आहे तो, ह्यांच्यावर गेलाय. पटलं त्याला सगळं, हे बरं झालं.

मी म्हटलं, संध्याकाळी भेटल्या की नक्की सांगते. मग गुडघ्याला मलम लावलं, आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच ओसरीत बसून राहिले.